हवं तेच ऑर्किड कसं मिळवायचं: दापोलीच्या ताईंना थोडं लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही हो, माझ्यावरच, कारण तुमच्या यादीतली चारही झाडं मी पण शोधलीत आणि त्यातल्या तिनांच्या बाबतीत आधी फसून मग शहाणा झालोय. ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंची नेटशेड २०२० च्या निसर्ग वादळात झाडांसकट उडाली, आता परत जमवायला सुरुवात केलीय, आणि त्यांना नुसतं कुठलंतरी ऑर्किड नकोय, नेमकी चार हवीत: गोव्याच्या मावशीकडे बघितलेलं रात्री वास येणारं पांढरं चांदणीसारखं, चॉकलेटच्या वासाचं, निळी व्हँडा, आणि लहानपणी आंब्यावर बघितलेली सीतेची वेणी. ऑनलाइन दोनदा मागवलं, दोन्ही वेळा दुसरंच आलं. आता कुठून घेऊ, असं विचारतायत.

तर पहिली गोष्ट, कुठून घेऊ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न म्हणजे काय घेऊ, त्याचं नाव काय. तुम्ही विक्रेत्याला फोटो पाठवून 'हे आहे का' विचारलंत ना, तिथेच गाडी चुकली. फोटो बघून समोरचा 'आहे' म्हणणारच, त्याच्याकडे साधारण तसं दिसणारं काहीतरी असतंच आणि ऑर्किडमध्ये साधारण तसं दिसणारी पन्नास निघतात. मी वेंगुर्ल्याला बावीस वर्षं ही झाडं करतोय, तरी नुसता फोटो बघून नाव सांगताना चारदा विचार करतो.

नावाचं गणित एकदा समजून घ्या, जरा कंटाळवाणं आहे पण पैसे तिथेच वाचतात. ऑर्किडला तीन प्रकारची नावं असतात. एक जंगलातली मूळ जात, तिचं लॅटिन नाव दोन शब्दांचं. दुसरं संकराचं नाव, म्हणजे दोन झाडांचं लग्न लावलं की जी पिल्लावळ होते त्या सगळ्या पिल्लावळीला मिळून एक नाव नोंदवतात. तिसरं त्या पिल्लावळीतल्या एकाच निवडक झाडाचं नाव, ते अवतरण चिन्हात लिहितात, आणि त्या एका झाडाची टिश्यू कल्चरने हजारो रोपं केली तरी ती सगळी तेच झाड. आता घोळ कुठे होतो बघा, एका घरातली भावंडं आडनावाने एक असली तरी एक गोरं एक सावळं एक उंच असं असतंच की, तसंच संकराचं. बियांपासून केलेलं रोप घेतलंत तर आडनाव बरोबर असेल पण चेहरा फोटोतला नसेल, आणि यात विकणाऱ्याने फसवलेलं पण नसतं. म्हणून नाव विचारल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, सिडलिंग आहे की मेरिक्लोन की मोठ्या झाडाचा तोडलेला भाग? मेरिक्लोन म्हणजे तो टिश्यू कल्चरवाला प्रकार. या एका प्रश्नावर अर्धे विक्रेते गप्प होतात. जे गप्प होतात त्यांच्याकडून नर्सरीत दिसणारं साधं डेंड्रोबियम ऑर्किड घ्या, खास काही घेऊ नका.

संकरांची नोंद लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे असते. सँडर नावाच्या ऑर्किडवाल्याने १९०६ साली यादी काढायला सुरुवात केली, १९६१ पासून ते काम सोसायटी बघते, आणि ती सगळी यादी आता नेटवर फुकट शोधता येते. त्यात आईबाप कोण ते दिसतं. मला विचाराल तर आपल्या कोकणातल्या माणसाने नावापेक्षा आईबापच बघावेत, कारण बाप जर हिमालयातला थंड हवेचा असेल तर पोरगं आपल्याकडच्या एप्रिलात उसासे टाकणार. हे मी उशिरा शिकलो. कालिम्पाँगकडची सिंबिडियम बघून भुललो होतो, पाच झाडं मागवली, पाचही जगली, हिरवीगार, पात्यासारखी पानं, शेजारी म्हणायचे गवती चहा छान वाढलाय तुमचा. सात वर्षांत एक फूल नाही. त्यांना फुलायला थंड रात्री लागतात, आणि वेंगुर्ल्यात डिसेंबरातसुद्धा फार तर पंखा बंद करावा लागतो.

नावं बदलतात हे पण लक्षात ठेवा. पूर्वी ज्याला ऍस्कोसेंडा म्हणायचे ते आता नोंदीत व्हँडातच टाकलंय, पण जुने लोक जुन्याच नावाने विकतात. त्यामुळे एका नावाने मिळालं नाही तर जुन्या नावाने शोधा. आणि शोधताना इंग्रजी अक्षरांत शोधा, 'चॉकलेट ऑर्किड' वगैरे टाकलंत की नेमका तुमच्यासारख्यांसाठी लावलेला सापळा समोर येतो.

आता एकेक झाड घेऊ.

रात्री वास येणारं पांढरं चांदणीसारखं, पातळ हिरवट पाकळ्या आणि मधे पांढरी हृदयासारखी जीभ, पान जाड दोरीसारखं. तुम्ही वर्णन इतकं छान केलंय की शंकाच नाही, ते ब्रासाव्होला नोडोसा. मूळ मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेच्या पट्ट्यातलं, समुद्रकाठच्या झाडांवर, खारफुटीवर पण वाढणारं, म्हणजे आपली दमट खारी हवा त्याला घरचीच. आपल्या किनाऱ्यासाठी याच्यापेक्षा सोपं ऑर्किड नाही असं माझं मत आहे, आणि तरी ते नर्सरीत सहज दिसत नाही, कारण दिवसा त्याला वास नसतो. नर्सरीत गिऱ्हाईक येतं सकाळी अकराला. त्या वेळी ते हिरवट फूल कोण घेणार, बाजूला जांभळं भडक डेंड्रोबियम उभं असतं.

हे मी कसं मिळवलं ते सांगतो म्हणजे शोधायचं कसं ते पण कळेल. पहिल्यांदा मी नाव माहीत नसताना 'रातराणी ऑर्किड' म्हणून एका ठिकाणी मागितलं, तर कुणी खरी रातराणी दाखवली, कुणी ब्रुनफेल्सिया, कारण इंग्रजीत या सगळ्यांना लेडी ऑफ द नाइट म्हणतात. मग नाव कळलं, ऑनलाइन एकाकडून नोडोसा म्हणून घेतलं, दोन वर्षं वाढवलं, फुललं, वासही आला, मी खूश. पुढे एक जाणकार घरी आले, चहा पिता पिता वर बघून म्हणाले, हे नोडोसा नाही, लिटल स्टार्स आहे. नोडोसा आणि त्याची एक चुलत जात यांचा संकर, १९८३ मध्ये नोंदवलेला. फुलं बारीक, जीभ अरुंद, पण घोसाने येतात. नोडोसाची फुलं मोठी, मोजकी, जीभ रुंद. बाजारात नोडोसाच्या नावावर लिटल स्टार्स कितीतरी ठिकाणी खपतं, बहुतेक वेळा मुद्दाम नाही, मधे कुठेतरी लेबल बदललेलं असतं आणि पुढचा माणूस तेच नाव पुढे सरकवतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. अर्थात लिटल स्टार्स वाईट नाही हां, नवीन माणसाला मी तेच देतो, लवकर फुलतं.

दुसऱ्यांदा एका दूरच्या नर्सरीतून मागवलं, फोटो पक्का बघून, पण मागवलं मे महिन्यात. पार्सल नऊ दिवस कुठेतरी गोदामात शिजत पडलं. उघडलं तर उकडलेल्या चवळीच्या शेंगा. चूक माझीच, त्या माणसाने सांगितलं होतं ऑक्टोबरपर्यंत थांबा, मलाच दम नव्हता.

तिसऱ्यांदा ते मिळालं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. तिथे एक मावशी भाजीच्या रोपांबरोबर घरची चारदोन झाडं घेऊन बसायच्या. करवंटीत बांधलेला एक गुंता दिसला, जाड दोरीसारखी पानं. विचारलं, हे काय. म्हणाल्या, नांव खबर ना, पूण ताका रातीं परमळ येता. मी भाव पण केला नाही. तीच जात, घरात त्यांच्या सासूच्या वेळेपासून होती. तर ताई, तुमच्या गोव्याच्या मावशीकडे जे झाड आहे ना, तुम्ही चार ठिकाणी ऑनलाइन शोधताय ते तिच्या पडवीतच आहे. तिला तीनचार कंदांचा एक तुकडा तोडून मागा की! नातेवाईकांकडे मागायला आपल्याला संकोच वाटतो आणि अनोळखी माणसाला हजार रुपये जीपेवर पाठवायला वाटत नाही, हे मला कधी कळलेलं नाही. जुनी घरं, चर्चच्या आसपासच्या वाड्या, निवृत्त मास्तरांची परसं, गोव्यापासून मालवण-देवगडपर्यंत पोर्तुगीज काळापासून झाडं हिकडून तिकडे फिरलीत, तिथे ज्या जाती पडून आहेत त्या कुठल्या कॅटलॉगात नाहीत. आणि अशा झाडाची एक गॅरंटी असते, ते आपल्या पावसात वीस-तीस वर्षं जगलंय.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका. माझा नियम, जाताना आपल्याकडचं काहीतरी घेऊन जायचं, डेंड्रोबियमच्या कांडीवर जी पिल्लं फुटतात ना, कीकी म्हणतात त्यांना, त्याचं एखादं मुळं फुटलेलं पिल्लू नारळाच्या सोडणात बांधून. पैशाने जे झाड मिळत नाही ते अशा देवाणघेवाणीत मिळतं. ऑर्किडवाला माणूस पैशाला नाही म्हणेल, झाडाला नाही म्हणवत नाही त्याला.

चॉकलेटच्या वासाचं. हे सोपं आहे. नाव ऑन्सिडियम शॅरी बेबी, आणि त्यातलं प्रसिद्ध झाड 'स्वीट फ्रेग्रन्स'. लालसर तपकिरी बारीक फुलं, लांब फांद्या फुटलेली दांडी, वास खरोखर चॉकलेट-व्हॅनिलाचा, माझी नात तर नाक लावून बसते. हे टिश्यू कल्चरने भरपूर होतं त्यामुळे केरळच्या नर्सऱ्यांत, पुण्या-मुंबईच्या मोठ्या नर्सऱ्यांत हिवाळ्यात मिळतं. फक्त दोन गोष्टी बघा. 'सुगंधी ऑन्सिडियम' एवढंच लिहिलं असेल तर ते बरेचदा ट्विंकल नावाचं दुसरं ऑन्सिडियम निघतं, बुटकं झाड, बारीक फुलं, वास व्हॅनिलाचा. छान आहे पण तुम्हाला हवं ते नाही. आणि शॅरी बेबीच्या पानांवर काळे बारीक ठिपके येतात, ते त्याच्या अंगचेच असतात, रोग समजून झाड परत करू नका किंवा घाबरून औषधं मारत बसू नका. मी बसलो होतो.

शक्यतो हे फुलांवर असताना घ्या, नाकाने खात्री करून. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत पण त्याच सुमाराला असतं, तिथे स्टॉल असतात, झाड समोर, माणूस समोर, प्रश्न विचारता येतात. मी दरवर्षी एक फेरी करतो, घेतो कमी, नंबर गोळा करतो जास्त. ज्याचं झाड चांगलं दिसलं त्याला विचारायचं, तुमच्याकडे आणखी काय काय आहे, यादी पाठवाल का? खरा शौकीन विक्रेता असेल तर त्याची यादी स्टॉलवरच्या मालापेक्षा पाचपट मोठी असते. स्टॉलवर तो जे खपतं ते आणतो, तुम्हाला हवं असलेलं त्याच्या घरी मागच्या बाजूला टांगलेलं असतं.

आता निळी व्हँडा, इथे जरा थांबून बोलावं लागेल, कारण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक म्हणजे मूळ जात, व्हँडा सिरुलिया, मेघालयात खासीच्या डोंगरांत आणि ईशान्येकडे सापडते. ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या यादीत आहे, तांबडी व्हँडा आणि सगळी पॅफिओपेडिलम यांच्याबरोबर, म्हणजे रीतसर लायसन्स असलेल्या माणसाने वाढवलेली सोडून कुणी डोंगरातून काढलेली विकत असेल तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टांचे नंबर बदलले, झाडं सुटलेली नाहीत. बरं कायदा बाजूला ठेवला तरी ती थंड रात्रींची सवयीची, दापोलीत झुरत बसेल. सोडून द्या.

दुसरी म्हणजे शाईची निळी. भर निळ्या रंगाचं फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियम दिसतं ना मॉलमध्ये, ऑफिसच्या टेबलावर, ते पांढऱ्या झाडाच्या दांडीत रंग सोडून केलेलं असतं. पुढचा बहर पांढरा. कुणी आधी सांगून विकलं तर हरकत नाही, हौसेला मोल नाही, पण निळं म्हणून जास्त पैसे घेतले तर गंडवलं. शाईसारखा सपाट निळा ऑर्किडमध्ये जवळजवळ नाहीच, जो असतो तो जांभळाकडे झुकलेला निळा, आणि व्हँडात त्यावर जाळीसारख्या रेघा असतात. फोटोत फूल आकाशी निळं एकसारखं दिसलं तर फोटोवर किंवा फुलावर, कुठेतरी रंग चढवलाय समजा.

तिसरी, आणि तुम्हाला हवी ती, म्हणजे संकर. सिरुलियाचं फिलिपिन्सच्या सखल भागातल्या सँडेरियानाशी लग्न लावलं, ते रॉथशिल्डियाना, १९३१ ची नोंद. निळाई आईकडून, गरम हवा सोसायची ताकद बापाकडून, आईबाप बघा म्हणतो ते यासाठी. त्याच्यापुढे थायलंडवाल्यांनी कितीतरी केली, पचारा डिलाइट, संसाई ब्लू, रॉबर्ट्स डिलाइटची निळी, ही नावं यादीत शोधा. आपल्या हवेत पचारा डिलाइट माझ्याकडे वर्षातून दोनदा-तीनदा फुलतं. व्हँडा मात्र पिल्लू घेऊ नका. स्वस्त मिळतं म्हणून बोटाएवढं रोप घेतलं की फुलायला चारपाच वर्षं, तोवर विकणाऱ्याचा नंबर बदललेला असतो आणि फूल गुलाबी निघालं तरी सांगणार कोणाला. फुलायच्या मापाचं घ्या, महाग असतं, हजाराच्या खूप पुढे जातं, पण घ्या. विक्रेत्यांच्या भाषेत फुलायच्या मापाचं म्हणजे ब्लूमिंग साइज, आणि निअर ब्लूमिंग म्हणजे लवकरच फुलेल असं तो म्हणतो. या 'निअर'वर माझा विश्वास नाही. वधूपक्षाने वय सांगावं तसं ते असतं.

थायलंडहून थेट आणायचं असेल तर आपल्याकडे काही लोक दोन-तीन महिन्यांनी एकत्र ऑर्डर काढतात, त्यांच्याकडून घ्या. सगळीच्या सगळी ऑर्किड सायटिस नावाच्या, रानातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, त्यामुळे तिकडचं परमिट, झाड निरोगी असल्याचा फायटोसॅनिटरी दाखला, आणि आपल्याकडचं प्लँट क्वारंटाइनचं आयातपरमिट लागतं. बँकॉकला फिरायला गेलेल्या भाच्याला 'येताना बॅगेत टाकून आण' सांगू नका, विमानतळावर झाडं जातात आणि भाचा आयुष्यभर बोलत नाही. एकत्र ऑर्डरीत विचारून घ्यायची गोष्ट एकच, झाडं आल्यावर तुम्ही किती दिवस ठेवून मग पाठवता? आल्या आल्या जो पुढे पाठवतो त्याची निम्मी झाडं वाटेत मान टाकतात. महिनाभर ठेवून नवीन मुळाचं हिरवं टोक दिसल्यावर पाठवणारा असेल त्याला शंभर-दोनशे जास्त द्या.

विकत घ्यायच्या आधी आणखी काय काय करायचं ते इथेच सांगून टाकतो. त्याने पाठवलेला फोटो गुगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो कुठल्यातरी थाई नर्सरीच्या पानावर दिसला की कळलं. फुलाचा फोटो नका मागू, फुलाचा कोणीही पाठवेल, झाडाचा मागा, मुळांसकट, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून. भला विक्रेता रागावत नाही, उलट त्याला कळतं समोरचा माहीतगार आहे. पहिल्या खेपेला एकच झाड घ्या, पॅकिंग कसं करतो, नाव लिहितो का, मेलं तर काय म्हणतो हे सगळं तीनशे रुपयांत कळतं. पार्सल ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढ्यातच, आणि कुरिअरला सोमवारी टाकायला सांगा म्हणजे रविवारी गोदामात अडकत नाही. तुमच्या भागात पावसात घाट बंद होतो, दरडी येतात, हे बंगळुरूच्या माणसाला माहीत नसतं, ते आपण सांगायचं.

आणि बी विकत घेऊ नका. माकडाच्या तोंडाचं, पक्ष्याच्या आकाराचं, इंद्रधनुष्याच्या रंगाचं ऑर्किड, शंभर बिया दोनशे रुपयांत, असल्या जाहिराती फिरतात. माकडतोंड्या ऑर्किड खरंच आहे, ड्रॅक्युला सिमिया, पण ते अँडीजच्या ढगांतलं, आपल्याकडे एसीतसुद्धा कठीण. आणि ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात रुजायला शिदोरीच नसते, रानात ते बुरशीच्या मदतीने रुजतं आणि प्रयोगशाळेत बाटलीत साखर-क्षारांच्या जेलीवर. ती बाटलीची युक्ती नड्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये दाखवली तेव्हापासून हा धंदा उभा राहिला. पाकिटातलं बी कुंडीत पेरून ऑर्किड येत नाही. एका ओळखीच्याने पेरलं होतं, भोपळी मिरची आली.

आता सीतेची वेणी. हिच्याबद्दल मी जरा हळवा आहे. आपल्याकडे मेच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आगेमागे, जुन्या आंब्या-फणसावर गुलाबी ठिपक्यांची पांढरी लोंबती शेपटी दिसते, वीतभर, कधी हातभर, ती रिंकोस्टायलिस रेटुसा. आसामचं हे राज्यफूल, तिथे कपौ म्हणतात आणि बिहू नाचणाऱ्या मुली अंबाड्यात माळतात, म्हणजे दोन टोकांच्या माणसांना हे फूल बघून केसच आठवले. आपल्याकडे गोंधळ असा की एरिडिस नावाच्या दुसऱ्या ऑर्किडला पण लोक सीतेची वेणीच म्हणतात, ती पण गुलाबी, पण तिची फुलं जरा मोठी, मोकळी आणि वासाची. तुम्ही लहानपणी बघितलेली कोणती ते तुम्हीच आठवा. शेपटीसारखी गच्च होती की सुटी? वास आठवतो का?

ही घाटात रस्त्याच्या कडेला मे महिन्यात जुड्या बांधून विकायला असते, मुळं तुटलेली, फुलासकट. पन्नास रुपयांत मिळते आणि घेऊ नका. एकतर ती रानातून ओरबाडलेली, आणि दुसरं म्हणजे फुलावर असताना उपटलेलं झाड नव्वद टक्के मरतं हा माझा अनुभव, कारण मुळं नेमकी सालीला चिकटलेली असतात ती तिथेच राहतात. गावात कुणी झाड तोडत असेल, आंबा सरपणासाठी पाडला, वादळाने फांदी आली, तर मात्र मालकाला विचारून त्या फांदीवरची झाडं उचला, नाहीतर ती लाकडाबरोबर जळणार किंवा कुजणार असतात. फांदीचा तुकडाच करवतून घ्यायचा, मुळं सोडवायची नाहीत, आणि तसाच तुकडा अंगणातल्या आंब्याला तारेने बांधायचा. माझ्याकडच्या चारही वेण्या अशाच आल्यात, दोन तर २०२१ च्या तौक्तेनंतर शेजारच्या पडलेल्या फणसावरून. निसर्ग वादळात तुमच्याकडे किती झाडं पडली, तेव्हा हे माहीत असतं तर... असो. बियांपासून बाटलीत वाढवलेली रोपंही विकत मिळतात, त्यावर नर्सरीचं लेबल असतं, आणि मुळं गोलसर, स्वच्छ, सालीचे तुकडे न चिकटलेली असतात. रानातलं झाड ओळखायची खूण पण तीच उलटी: मुळं एका बाजूने चपटी, शेवाळ, पानांना किड्यांनी खाल्लेल्या जुन्या कडा.

आणि हो, शेजारपाजारचे सांगतील हे बांडगूळ आहे, झाड खाईल. खात नाही. फक्त बसतं.

झाड हातात आल्यावर काय करायचं याच्यावर वेगळं लिहावं लागेल, थोडक्यात एवढंच की आल्या दिवशी कुंडीत घालू नका, कुजलेलं कापा, 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लिटरला दोन ग्रॅम घालून दहा मिनिटं बुडवा, सावलीत उलटं टांगून एक दिवस सुकवा, बाकीच्या झाडांपासून दोन-तीन आठवडे लांब ठेवा. खत नवीन मूळ फुटेपर्यंत नाही. नोडोसा आणि व्हँडाला सोडणात गच्च बांधू नका, आपल्या पावसात सोडण म्हणजे ओला स्पंज, कौलाचा तुकडा किंवा सागाची फळी बरी.

पण लेबलाबद्दल बोलल्याशिवाय सोडणार नाही, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. तुम्हीच लिहिलंय, वादळानंतर दोन कुंड्या परत मिळाल्या पण नावं गेली. माझंही तौक्तेत तेच झालं, सतरा झाडं बिननावाची झाली, त्यातल्या पाचांची अजून पटलेली नाहीत. प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करने लिहिलेलं एका उन्हाळ्यात उडतं. साधी शिसपेन्सिल वापरा, वर्षानुवर्षं टिकते. त्याहून बरं म्हणजे कोल्ड्रिंकच्या कॅनची पत्र्याची पट्टी कापून त्यावर बॉलपेनने दाबून नाव कोरा, कडा दुमडा, आणि तारेने झाडाला बांधा, कुंडीला नाही. कुंडी बदलते. नाव, कोणाकडून, कोणत्या महिन्यात, आणि एक वही वेगळी घरात.

आता तुमचं सांगतो. शॅरी बेबी जानेवारीत पुण्याला जाणारा कोणी असेल तर त्याच्याकडून. पचारा डिलाइट फुलायच्या मापाचं केरळच्या एखाद्या नर्सरीकडून नोव्हेंबरात, तिथली हवा आपल्यासारखीच त्यामुळे झाड बिथरत नाही. वेणीसाठी गावात लाकूडतोड करणाऱ्यांना सांगून ठेवा, ती माणसं फोन करतात, चहापाण्याला थोडे द्यायचे. आणि नोडोसा मावशीने नाहीच दिलं तर माझ्याकडे त्या म्हापशाच्या करवंटीतल्या झाडाचे आता सहा तुकडे झालेत, एक तुमचा. पैसे नकोत, तुमच्या परत मिळालेल्या त्या दोन बिननावाच्या झाडांपैकी पांढऱ्या जिभेच्या जांभळ्याचं एक पिल्लू पाठवा, फोटोवरून मला ते नेहमीच्या सोनिया डेंड्रोबियमच्या घराण्यातलं वाटत नाहीये आणि दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय. पण आत्ता नाही. पाऊस पूर्ण थांबून मुळांची नवी टोकं दिसल्याशिवाय मी तोडत नाही, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठवण करा, एसटी पार्सलने पाठवतो, दापोली डेपोला दुसऱ्या दिवशी जाऊन उचलायचं मात्र तुम्ही.